तीन नंबरच्या तुकड्यातला लव्हाळा

तणबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं ऑफिसात दोनच उरली होती, आणि त्यांतलं एक येत्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होतं. बाकी सगळ्यांना त्या तणबाईच. कुणाच्या शेतात, बागेत, मैदानावर नको ते काय उगवलंय हे जाऊन बघायचं, ते कसं घालवायचं ते सांगायचं आणि गेलं की नाही ते पुन्हा जाऊन बघायचं, हे काम त्या अठ्ठावीस वर्षं करत होत्या. शेजारच्या टेबलावर झाडांचे रोग बघणारे गृहस्थ बसत. त्यांना सगळे बुरशीबुवा म्हणत. पलीकडच्या खोलीत किडीवाले. "जगातलं जे जे नको, ते सगळं आमच्या या मजल्यावर," असं बुरशीबुवा आल्यागेल्याला सांगत.

बाईंच्या पिशवीत खुरपं, भिंग, मोजपट्टी आणि वही, एवढंच असायचं. 'खूप', 'जरासं', 'बऱ्यापैकी' हे शब्द त्या वहीत लिहीत नसत. आकडा लिहीत. नवऱ्याच्या आजारपणातही त्या दिवसातून चार वेळा ताप लिहून ठेवायच्या, आणि ते गेले त्या दिवशीचाही आकडा त्यांच्याकडे होता. लोकांना ते कोरडं वाटे. बाईंना त्याचा आधार वाटे.

सगळ्या तणांत त्यांना एका लव्हाळ्याबद्दल आदर होता. दिसायला गवतासारखा, पण गवत नव्हे. काडी दोन बोटांत धरून फिरवली तर गवताची गोल फिरते, लव्हाळ्याची तीन कडांवर अडखळते. वरून उपटला की पाती हातात येतात आणि गाठ जमिनीत राहते. ती गाठ वर्षानुवर्षं गप्प पडून असते आणि तिच्या मनात येईल तेव्हा कोंब काढते. "लव्हाळा गेला असं कुणी सांगितलं तर त्याला अजून दोन वर्षं थांबायला सांगा," असं त्या नव्या लोकांना शिकवत.

म्हणून लॉनवाल्या मालकांचा फोन आला तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. मालक गवत वाढवून ते गालिच्यासारखं पट्ट्यांनी कापून विकत. एका नव्या रुग्णालयाच्या अंगणासाठी त्यांच्याकडे मोठी मागणी आली होती आणि गवत तणमुक्त असल्याचा दाखला बाईंच्या ऑफिसाकडून, म्हणजे कृषी केंद्राकडून, हवा होता. तीन तुकडे होते. एक आणि दोन नंबर स्वच्छ होते.

"तीन नंबरमध्ये जरा आलाय," मालक म्हणाले.

"जरा म्हणजे किती?"

"तुम्ही येऊनच बघा."

तीन नंबरचा तुकडा घराच्या थेट मागे होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की गवत सुरू व्हायचं ते पार पंपाच्या खोलीपर्यंत. बाईंच्या मापाने अठ्ठ्याऐंशी मीटर. एकही उंचवटा नाही, एकही खळगा नाही. कडेला मशीनवाला बसून गवत कापायच्या मशीनची पाती पुसत होता. पन्नाशीचा, तोंडाने अखंड चालू असणारा माणूस. मालक त्याच्या उलट. उंच, सुकलेले, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय.

ते बाईंना पंपाच्या खोलीजवळच्या कोपऱ्यात घेऊन गेले. गवत कापून दोन दिवस झाले होते. लव्हाळा गवतापेक्षा भरभर वाढतो, त्यामुळे तो दोन बोटं वर आलेला होता आणि त्याचा पोपटी रंग उन्हात वेगळा उठून दिसत होता.

बाईंनी गुडघे टेकले. एक काडी तोडून बोटांत फिरवली. अडखळली. लव्हाळाच.

पण तो पसरला नव्हता. लव्हाळा जिथे असतो तिथून सगळीकडे हातपाय पसरतो. इथे त्याचे लहान लहान झुबके होते, सुटे, प्रत्येक झुबका वीतभरही नाही. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. पहिले पाच-सहा वेडेवाकडे होते, मग एक वाटोळा पुंजका, आणि मग पुन्हा डावं-उजवं. एकंदर एक्केचाळीस. सगळे घराच्या दिशेने.

बाईंनी पहिला झुबका मोजला. साडेअकरा सेंटिमीटर. शेवटचा चौदा. पुढे रुंद, मध्ये बारीक, मागे गोल.

"इथे अनवाणी कोण चालतं?" त्यांनी विचारलं.

"गवतावर कुणी पाय ठेवत नाही," मालक म्हणाले.

"मग मशीनच्या चाकाला चिकटून गाठी आल्या असतील," बाई म्हणाल्या.

"माझ्या मशीनचं चाक सरळ चालतं मॅडम," मशीनवाला लांबून ओरडला. "ते असं डुलत नाही!"

बाईंना ते पटलं. तरी त्यांनी वहीत 'चाक?' असं लिहिलं, कारण काहीतरी लिहायला हवं होतं. मग खुरपं काढलं. लव्हाळ्याची गाठ किती खोल आहे हे बघितल्याशिवाय औषधाची मात्रा ठरत नाही.

"खणू नका," मालक म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं.

"फवारा मारा. अगदी मुळापासून जायला हवा, या कोपऱ्यापासून. पण खणू नका इथे."

शेतात लव्हाळा निघाला की शेतकरी खणण्याची घाई करतो, हा बाईंचा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. सगळं खणून काढा म्हणून हातापाया पडणारी माणसं त्यांनी पाहिली होती. नको म्हणणारा हा पहिलाच. गवताचा गालिचा फाटेल म्हणून सांगत असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. फक्त लव्हाळ्याला लागेल आणि गवताला लागणार नाही असं औषध लिहून दिलं आणि त्या परतल्या. निघताना स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांना एक बाई उभी दिसली. मालकांची बायको असावी. तिने हात हलवला नाही, पण नजरही काढली नाही.

दोन आठवड्यांनी बाई पुन्हा गेल्या. औषध लागू पडलं होतं. एक्केचाळीस झुबके पिवळे पडून माना टाकून बसले होते. त्यांच्यापुढे, घराच्या दिशेला, छत्तीस नवे उगवले होते. हिरवेगार.

हेही होतं. औषध न लागलेल्या गाठी मागून उगवतात. बाईंनी मोजायला सुरुवात केली. साडेचौदा, पंधरा, सोळा. आता झुबके वेडेवाकडे नव्हते. अंतर वाढलेलं होतं आणि सारखं होतं. शेवटच्या झुबक्याला पट्टी लावत असताना मागून चपलांचा आवाज आला. ती खिडकीतली बाई होती, मशीनवाला जिला वहिनी म्हणायचा ती, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. पंचेचाळिशीची असेल. केसांचा सैल अंबाडा, चेहरा शांत, जागरण केलेल्या माणसाचा असतो तसा.

"किती भरलं?" वहिनींनी विचारलं.

"साडेसतरा."

वहिनींनी मान हलवली. "म्हणजे पाच वर्षांची," त्या म्हणाल्या, आणि कपडे वाळत घालायला निघून गेल्या.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. लव्हाळ्याच्या गाठी पाच वर्षांच्या, असं म्हणायचं असेल. शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांना बरंच कळतं. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि फवारा पुन्हा मारायला सांगितला.

तिसऱ्या खेपेला त्यांना बोलवायला मालकांचा फोन आला नाही. मशीनवाल्याचा आला. "मॅडम, तुम्ही एकदा याच," तो म्हणाला. "मालक काही बोलत नाहीत, पण तुम्ही या."

तो बाईंची वाट बघत तुकड्याच्या कडेला उभा होता. लव्हाळा आता अर्ध्यावर आला होता. मागचे दोन्ही फवारलेले भाग वाळून गेले होते, गवताने ती जागा भरायला घेतली होती, आणि पुढे नवी रांग. एकोणीस. साडेएकोणीस. मग एका जागी रांग वाकडी झाली होती. उजव्या बाजूचे सहा झुबके ओळीने, डावा नाहीच. मग दोन शेजारी शेजारी. मग डाव्या बाजूचे पाच, उजवा नाही. मग पुन्हा दोन शेजारी.

"मॅडम, मी एक बोलू का?" मशीनवाला म्हणाला. "हे तण लंगडी घालतंय."

बोलून तो हसला, आणि हसता हसता थांबला. मालक मागे येऊन उभे होते. ते त्या सहा झुबक्यांकडे बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "औषध दुप्पट करा."

"दुप्पट करून तण दुप्पट मरत नाही. गवत मरतं."

"मरू दे गवत."

"मालक, तुमची मागणी—"

"मॅडम, मरू दे म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता. पण मशीनवाल्याने हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं आणि तो मशीनकडे गेला.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी चौकड्यांचा कागद घेतला. आडव्या रेघेवर झुबक्यांचे क्रमांक, उभ्या रेघेवर त्यांची लांबी. त्यांना एवढंच बघायचं होतं की जमिनीचा कस घराकडे वाढतोय का, म्हणून झुबके मोठे होताहेत का. ठिपके जोडल्यावर एक रेघ तयार झाली. आधी झपकन वर चढणारी, मग हळूहळू कलणारी. मातीच्या कसाची रेघ अशी येत नाही. ती खालीवर होते. ही कुठेही हलत नव्हती.

बुरशीबुवा चहाचा कप घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. त्यांना सवय होती दुसऱ्याच्या कागदात डोकवायची.

"अरे वा," ते म्हणाले. "कुणाच्या मुलीचं?"

"काय कुणाच्या मुलीचं?"

"पायाचं माप आहे ना हे? आमच्याकडे कपाटाच्या दाराला आतून लावलंय, बायकोने दवाखान्यातून आणलेलं. मुलग्यांची रेघ वेगळी असते. तुम्ही वर्षं लिहिली नाहीत, पण मापावरून कळतं. इथे बघा, पहिल्या वर्षी साडेअकराच्या आसपास, पाचव्याला साडेसतरा, सातव्याला साडेएकोणीस." त्यांनी चमच्याच्या टोकाने दाखवलं. "छान वाढतेय. कोण आहे, नात वगैरे?"

"लव्हाळा आहे," बाई म्हणाल्या.

बुरशीबुवा खदखदून हसले आणि आपल्या जागेवर गेले. बाई बसून राहिल्या. त्या एका वाटोळ्या पुंजक्याचा विचार करत होत्या, सहाव्या झुबक्यानंतरच्या. नुकतं चालायला लागलेलं मूल सहा पावलं टाकून कसं मटकन बसतं, ते त्यांनी स्वतःच्या लेकीचं पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मनातला विचार त्यांनी झटकला. पण त्या दिवशी त्यांनी तो कागद फाइलला लावला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

आठ दिवसांनी मालकांनीच बोलावलं. त्यांनी फवाऱ्याचा नाद सोडला होता. घरापासून वीसेक मीटरवर, तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी चर खणला होता. दोन फूट रुंद, तीन फूट खोल, आत उभा जाड प्लास्टिकचा पडदा. लव्हाळ्याला अडवायची ही खरोखरच चांगली पद्धत होती. गाठींचे धागे पडद्याला आपटून मागे फिरतात. बाईंनी कौतुक केलं असतं.

पण मालक चराच्या पलीकडे, घराच्या बाजूला, गवतावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट मातीने भरलेला.

बाई रांगेच्या कडेने चालत आल्या. आता त्यांना मोजावं लागत नव्हतं, तरी त्या मोजत होत्या. बावीस. तेवीस. पावलांमधलं अंतर मोठ्या माणसाचं. चराच्या अलीकडे रांग थांबली होती. तिथे दोन झुबके होते, जोडीने, अगदी काठावर. साडेतेवीस.

चराच्या तळाशी काही नव्हतं. भिंती कोऱ्या होत्या, पडदा शाबूत होता.

पलीकडे, मालक बसले होते तिथून हातभर अंतरावर, आणखी दोन झुबके होते. जोडीने.

टाचेकडची पाती दाट होती.

बाई चराला वळसा घालून आल्या आणि मालकांच्या शेजारी गवतावर बसल्या. पंप चालू होता, त्याचा एकसुरी आवाज येत होता.

"तुम्ही सगळं मोजलंय," मालक म्हणाले. "तुम्हाला कळलं असेल."

"मला मापं कळलीत. बाकीचं तुम्ही सांगा."

मालक तळहाताची माती खरवडत होते. "गेली तेव्हा दोन दिवसांची होती. ही तापात होती दवाखान्यात, हिला शुद्ध नव्हती. मी एकटाच घेऊन आलो. तेव्हा इथे नुसता माळ होता. त्या कोपऱ्यात खड्डा घेतला." त्यांनी पंपाच्या खोलीकडे पाहिलं नाही. "ही घरी आल्यावर विचारायची, कुठे ठेवलंत? मी म्हणायचो, आता कशाला. तीनदा विचारलंन. मग नाही विचारलं."

"किती वर्षं झाली?"

"एकवीस."

"आणि गवत?"

"गवत सहा वर्षांपूर्वी." त्यांनी श्वास घेतला. "जमीन सपाट करायची म्हणजे सगळीच करावी लागते मॅडम. एक कोपरा सोडला असता तर हिने विचारलं असतं, तो का सोडला. ट्रॅक्टर मीच चालवला. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. तेवढंच."

अशा वेळी आकडा कामाला येत नाही, हे त्यांना नवऱ्याच्या वेळीच कळलं होतं.

"वहिनींना सांगा," त्या म्हणाल्या.

"काय म्हणेल ती?"

"ते मला माहीत नाही. मी तणाची माणूस." त्या उठल्या, गुडघ्यांची माती झटकली. "पण त्या खिडकीतून रोज मोजतायत. माझ्याआधीपासून. त्यांना वय ठाऊक आहे मालक. जागा तेवढी ठाऊक नव्हती, तीही आता कळली असणार. तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय फक्त."

मालकांनी घराकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. मागचं दार मात्र उघडं होतं.

बाईंनी तिथेच बसून एक आणि दोन नंबरच्या तुकड्यांचा दाखला लिहिला. रुग्णालयापुरतं गवत त्यांतून निघत होतं. तीन नंबरसमोर त्यांनी लिहिलं, 'विक्रीस योग्य नाही. फवारणी थांबवावी.' कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग आडवी रेघ मारली. एवढ्या वर्षांत रिकामा सोडलेला तो पहिला रकाना.

दोन महिने काही कळलं नाही. मग मालकांचा दोन ओळींचा निरोप आला. तीन नंबर स्वच्छ आहे. सवडीने येऊन बघून जा.

बाई एका दुपारी गेल्या. चर बुजवलेला होता, वर नवं गवत लावलेलं होतं. तुकडा पुन्हा पहिल्यासारखा एकसारखा हिरवा होता, फक्त पंपाच्या खोलीजवळचा कोपरा सोडून. तिथे चौरस मीटरभर जागा न कापता ठेवली होती आणि भोवती विटांची बुटकी कड लावलेली होती. आत साधं गवत वाढलं होतं, वाऱ्याने हलत होतं. दुसरं काही नाही.

बाईंनी नियमाप्रमाणे काम केलं. रांग जिथून गेली होती त्या वाटेवर अकरा खड्डे घेतले, माती चाळली. तो कोपरा मात्र त्यांनी सोडला. एकही गाठ मिळाली नाही. जिवंत नाही, मेलेली नाही, गाठीचं सालपटसुद्धा नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. लव्हाळा मरतो, दबतो, वाट बघतो. जिथे होता तिथून निघून जात नाही.

त्यांनी वहीत शून्य लिहिलं. अकरा वेळा.

"आत या," वहिनी मागच्या दारातून म्हणाल्या. "चहा ठेवलाय."

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. खाली फूटभर चौरस लाल फरश्या, त्यांच्या सांध्यांत पांढरं सिमेंट. भिंतीला लावलेलं टेबल, तीन खुर्च्या. ओटा, ओट्याच्या टोकाला मोरी. बाई खिडकीशेजारच्या खुर्चीत बसल्या. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून आलं किसत होत्या. त्यांचा आवाज बदलला होता, भरदार झाला होता.

"यांनी सांगितलं मला," त्या म्हणाल्या.

"रागावलात?"

"रागावले तर. चार दिवस बोललेच नाही." किसणी थांबली. "मग बोलायला लागले. घरात आणखी माणूस असलं की किती दिवस अबोला धरणार?"

बाईंना त्या वाक्याचा नीट अर्थ लागला नाही. त्यांनी खाली पाहिलं.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची ओट्याकडे तोंड करून वळवलेली होती. कुणी गप्पा मारायला बसतं तशी. तिच्यासमोरच्या सांध्यातून लव्हाळा उगवला होता. दोन झुबके, शेजारी शेजारी, पोपटी, टवटवीत. पुढे रुंद, मध्ये बारीक, मागे गोल.

बाईंनी लगेच मनाशी जुळवायला घेतलं. गाठींचे धागे पायाखालून येतात. डांबर फोडून येतात, मग फरशीचा सांधा काय चीज. बाहेरची वाट सोडून आत आला असेल. होतं असं. चोवीस सेंटिमीटर असेल, फार तर.

वहिनींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि पुन्हा आल्याकडे वळल्या.

"असू दे," त्या म्हणाल्या.

बाहेर पायरीवर मालकांनी चपला झटकल्या. ते आत आले, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. बाईंना बघून त्यांनी मान हलवली. आज त्यांनी सरळ डोळ्यांत पाहिलं. शर्टाला इस्त्री नव्हती.

"काय मॅडम, मिळालं काही?"

"शून्य," बाई म्हणाल्या.

"चांगलं झालं."

त्यांना हात धुवायला मोरीकडे जायचं होतं. ओटा आणि ती वळवलेली खुर्ची यांच्यामध्ये जेमतेम एका माणसापुरती जागा होती. मालक तिथे येऊन थांबले. मातीचे हात त्यांनी वर धरले होते, कशाला लागू नयेत म्हणून.

"पाय घे गं जरा," ते म्हणाले.

सहज म्हणाले. घरातल्या माणसाला म्हणतात तसं, न बघता.

बाईंनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या टेबलाच्या या बाजूला आहेत आणि मालक त्यांना 'मॅडम' म्हणतात. वहिनी उभ्या होत्या, ओट्याला चिकटून. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मालक मधून गेले. नळ सुरू झाला. पाण्याचा आवाज, साबणाचा वास.

बाईंनी खाली पाहिलं.

दोन्ही झुबके खुर्चीखाली होते, मागच्या सांध्यात, जोडीने. पुढच्या सांध्यातलं सिमेंट पांढरं आणि सलग होतं. त्याला साधी चीरही गेलेली नव्हती.